रोल नंबर सत्तेचाळीस

जतच्या बिराप्पाला जन्मापासून दिसत नव्हतं. त्र्याण्णव साली सांगलीच्या कॉलेजात त्याला टेपरेकॉर्डर नाहीतर ठिपके टोचून लिहायची ब्रेलची पाटी, दोन्हींतलं एकच मिळणार होतं. "महिनाभर टेप वापरून बघ, मग सांग," माने सर म्हणाले.

बिराप्पा हजेरीपासूनच बटण दाबायचा. वर्गात कुणी आपणहून त्याला नाव सांगत नसे, म्हणून खोलीवर तो हजेरी पुन्हा पुन्हा ऐकून कुठल्या नंबरचा आवाज कुठला ते पाठ करायचा. सर मान वर न करता नंबर घेत. त्याच्याच बाकावरचा धनाजी आवाज बदलून गैरहजर दोस्तांची 'येस सर' ठोकून द्यायचा. ते ओळखून बिराप्पाला खोलीत एकट्यालाच हसू यायचं.

मग तापानं तो चार दिवस अंथरुणावर पडला. टेप रोज धनाजीच वर्गात नेऊन लावायचा. बरं वाटल्यावर बिराप्पानं कॅसेट ऐकली. सेहेचाळीसला धनाजीचा बारीक आवाज आला. "सत्तेचाळीस," सरांनी बिराप्पाचा नंबर घेतला. कॅसेट नुसती खरखरत राहिली. अठ्ठेचाळीसला पुन्हा धनाजी, या वेळी घोगऱ्या आवाजात. चारही दिवस तसंच.

सोमवारी सरांनी विचारलं, "मग, टेपच ना? त्यात सगळं येतं."

"म्हणून तर नको, सर. पाटीच द्या," बिराप्पा म्हणाला. "तिच्यावर आपण टोचू तेवढंच ऱ्हातंय."