पोथीतलं पीस

सहादूनं समई लावली, पोथी उघडली, खुणेचं मोरपीस उचलून पाटावर ठेवलं आणि वाचायला सुरुवात केली. मुक्ताबाई खांबाला टेकून बसली खरी, पण तिचा जीव थाऱ्यावर नव्हता.

दुपारी शेवगावहून भावकीतला गोरक्ष फटफटीवर आला होता. "आन्ना गेले, काकू. चार वाजता माती हाय. काकांना घिऊन या." आण्णा म्हणजे सहादूचे सख्खे चुलते. आईबापामागं त्यांनीच याला लहानाचा मोठा केलेला. "ते रानात गेल्यात, सांगते," म्हणाली मुक्ताबाई, आणि निरोप गिळून बसली. चार वाजून गेले.

करणार काय? मरण कानावर आलं की सुतक, आणि सुतक पडलं की पोथी बंद. पीस काढायचं, आणि सुतक फिटल्यावर पुन्हा पहिल्या अध्यायापासून आरंभ. नऊ दिवसांच्या पारायणाचा आज आठवा दिवस. नगरच्या दवाखान्यात लेक रेश्मा तापानं बेशुद्ध पडली, तेव्हा बोललेलं हे पारायण. पाचव्या दिवशी पोरीनं डोळे उघडले. काल 'आई' म्हणाली, असा तिच्या मामाचा एसटीडीवर निरोप आला. आता मध्येच खंड पाडायचा? कुठल्या आईची छाती होईल? देवा, पाप माझ्या माथी घाल, पोरीच्या नको, एवढंच ती दिवसभर म्हणत होती.

दहाबारा ओव्या झाल्या आणि ती दचकली. तिला अक्षर वाचता येत नव्हतं, पण कान पक्के होते.

"अवं, ह्यो अध्याय तर काल झाला."

सहादू थांबला. मागचीपुढची पानं उलटून बघितली. "व्हय."

"पीस तर तुमी सोताच्या हातानं ठिवता. मग हललं कसं?"

पोथीला त्याच्याशिवाय घरात कुणी हात लावत नव्हतं.

"सकाळी काढलं हुतं," तो म्हणाला. "एसटीडीवाल्यानं शेवगावचा निरोप दिला तवा. मग परत घातलं, पान न बघताच."

मुक्ताबाई खांब सोडून पुढं सरकली. म्हणजे सकाळपासून यांना ठाऊक! दिवसभर रानात जाऊन बसले ते यासाठी.

"गोरक्ष आल्ता का घरी?" त्यानं विचारलं.

"आल्ता."

सहादूनं ओवीवरचं बोट उचललं. "आन्नांनी मला खांद्यावर बसवून..."

"न्हाई," मुक्ताबाई म्हणाली. तिनं पाटावरचं पीस उचलून त्याच्या हातात दिलं. "आज वाचा. उद्या समाप्ती झाली की दोघं मिळून रडू."