बोलूच नकोस तिच्याशी

लहान मुलांना दर महिन्याला क्राफ्टचं किट घरपोच पाठवायचं, असा व्यवसाय इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलच्या देवयानीनं मनाशी पक्का केला होता. नमुन्याची किट्सही तयार होती. तेवढ्यात मैत्रिणीनं, सीमानं, हुबेहूब तसाच व्यवसाय थाटला. देवयानीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"माझ्या घरी येऊन चहा प्यायली आणि माझीच कल्पना ढापली!"

"असल्या बाईशी बोलूच नकोस," नवरा, उदय, म्हणाला.

देवयानीनं बोलणं तोडलं. पण एकदा मुलांच्या शाळेच्या गेटवर सीमा हसली, आणि देवयानीचा तोल सुटला.

"चोरटी कुठली! लाज नाही वाटली?"

सीमा चक्रावली.



"चोरी? अगं, उदयच म्हणाला, 'देवयानीला हे झेपायचं नाही. तू कर, वेबसाइट मी बनवून देतो.'"