चौथीचा पट

गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीपासून अबोली तिच्या वर्गात एकटीच होती, त्यामुळे तिचा पहिला नंबर कधी चुकला नाही. तिची आई वैजयंता ते गावभर सांगायची.

चौथीत, दिवाळीनंतर वीटभट्टीवर आलेली गंगू वर्गात दाखल झाली. चाचणीत अबोली दुसरी आली. आई तडक शाळेत गेली.

"गुरुजी, माझी पोर शेवटची आली?"

"दुसरी आली," घरत गुरुजी म्हणाले. "वर्गात दोघीच आहेत, त्याला मी काय करू? पट वाढला, तर शेवटची दिसणार नाही."

आईला ते पटलं. तिनं भट्टीवर जाऊन चौथीच्या वयाची आणखी दोन मुलं शोधली, त्यांच्या आईबापांची समजूत घातली आणि दोघांना हाताला धरून वर्गात आणून बसवलं. पट चारवर गेला. गुरुजींना कोण आनंद झाला.

पुढच्या चाचणीत चौघंही पास झाली. अबोली चौथी आली.

"आई, आता आम्हाला लंगडी खेळता येते," ती खुशीत म्हणाली.

आईनं प्रगतिपुस्तक दोनदा वाचलं. मग पायात चपला सरकवल्या आणि ती नदीपलीकडच्या भट्टीकडे निघाली.