मळ

डॉक्टर बाईंनी तपासणी संपवली. "डाव्या कानानं आता ऐकू येईल असं वाटत नाही."

लाँड्रीवाल्याची बायको खुर्चीचे हात घट्ट धरून बसली होती. खोली मधूनच गरगरत होती.

"नुसता मळ असेल हो," लाँड्रीवाला म्हणाला. "मी काढलाही थोडा."

"मळ नव्हताच. विषाणूमुळं आतल्या कानाला सूज आली. म्हणून ती चक्कर, त्या उलट्या आणि एकाएकी आलेला बहिरेपणा. लगेच आणलं असतं तर कदाचित कान वाचला असता. इतके दिवस काय करत होतात?"

तो काय करत होता, ते तिला ठाऊक होतं. चक्कर सुरू झाली त्या सकाळी ती इस्त्रीच्या टेबलापाशी बादलीत ओकत होती. हॉटेलच्या चादरी आज गेल्याच पाहिजेत म्हणून त्यानं तिला दंडाला धरून उभं केलं. संध्याकाळी स्वतःच्या कानातलं कानकोरणं काढून, पँटला पुसून, तेच तिच्या कानात घातलं. मग टोकाला काय आलं ते उजेडात धरून पाहिलं. हुंगलंसुद्धा.

"मी रोज म्हणत होतो, चल दवाखान्यात," लाँड्रीवाला म्हणाला. "पण ही कुणाचं ऐकेल तर ना!" आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच उमगलं आणि तो फिस्सकन हसला. थुंकीचा थेंब टेबलावर उडाला. "आता तर काय, आयतं निमित्तच मिळालं!"

डॉक्टर हसल्या नाहीत. बायकोच्या तोंडाला आंबट पाणी सुटलं. या वेळी ते चक्करेमुळं नव्हतं.

"रोज मी म्हणत होते," ती म्हणाली. "हे नाही."

"बरं बरं, घरी बोलू."

पण त्याला घरापर्यंत दम निघाला नाही. बसमध्ये ती डाव्या खिडकीशी बसताच तो तिच्या उजवीकडे टेकला आणि तिच्या चांगल्या कानाला तोंड लावून सुरू झाला. "चारचौघांत माझी शोभा केलीस..." कानाच्या पाळीला ओलसर वाफ लागली.

ती उठली. तोल गेला, तसा त्यानं हात पुढं केला. तो झिडकारून तिनं दांडा पकडला आणि पलीकडच्या रांगेत जाऊन उजव्या खिडकीशी बसली. तो मागोमाग आलाच. आता तो तिच्या डावीकडे, बहिऱ्या कानाशी होता.

त्याचे ओठ हलू लागले. कोपऱ्यांत पांढरा फेस जमत होता. तिनं एकदाच पाहिलं, तोंड फिरवलं आणि खिडकीची काच पूर्ण सरकवली. रस्त्यावरचा सगळा गलका आत आला.