बर्फाच्या पाण्याचा वाडगा

आईच्या सेवेला म्हणून नणंद दर रविवारी यायची आणि आतून घंटी वाजली की नेमकी नेलपॉलिशची बाटली उघडायची. "वहिनी, तूच जा गं, नखं ओली आहेत!" अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचं बेडपॅन उचलताना सुनेची कंबर मोडायची. आज तिने बर्फाच्या पाण्याचा वाडगा पुढे केला. "नखं बुडवा वन्सं, दोन मिनिटांत सुकतात." खरंच सुकली. तेवढ्यात घंटी वाजली. "टिकायला दुसरा थर लागतो गं," म्हणत नणंदेने बाटली उघडली. सून भरलेलं बेडपॅन घेऊन बाहेर आली, तर नणंदेची बोटं पुन्हा वाडग्यात. "शी! आधी झाक ते!" बेडपॅनची कधीच न आलेली किळस सुनेला त्या लाल नखांची आली. "बुडवा, बुडवा. आईंची कवळीही त्याच वाडग्यात भिजते." नणंद ओकाऱ्या काढत बाथरूमकडे धावली. "तिकडेच निघालात ना? हेही न्या."