थोंगयंगचे मे घराणे

नगर कार्यालयातल्या लिपिक बाईंनी नवं आडनाव आणि घराण्याचं मूळगाव मंजूर करणारा कोर्टाचा हुकूम दोनदा वाचला आणि आडनावात चूक तर नाही ना, असं विचारलं.

“नाही. ‘मे’च,” थोआ म्हणाली.

शेजारी बसलेल्या सासूबाई, मालशिम, ताडकन उठल्या. व्हिएतनामहून आलेली सून आता इथली नागरिक झाली होती आणि इथलं आडनाव घेणार होती. ती किम घेईल नाहीतर ली, चार लोकांत खपून जाईल, असं त्या गृहीत धरून होत्या. इथल्या बोलीत मे म्हणजे छडी. कालवं फोडायच्या शेडमधल्या बायका हसून लोळतील, असं त्यांनी सुनेला सुनावलं.

थोआने आवाज चढवला नाही. तिच्या वडिलांचं आडनाव माय. ते ज्या चिनी अक्षराने लिहितात, तेच इथे मे असं वाचतात आणि त्याचा अर्थ भर थंडीत फुलणारं प्लमचं फूल, एवढं तिने सांगितलं.

“आणि घराण्याचं मूळगाव म्हणून आपलं थोंगयंग? ते कसं गं? तू तर तिकडची.”

“बारा वर्षं इथलीच कालवं फोडतेय, आई. दोन्ही मुली इथेच झाल्या.”

मालशिमनी लिपिक बाईंकडे पाहिलं. असं कुठे चालतं का, असं त्यांना विचारायचं होतं. पण बाई संगणकात शोधत होत्या.

“थोंगयंगचं मे घराणं आमच्या नोंदीत नाही,” त्या म्हणाल्या. “म्हणजे ते यांच्यापासूनच सुरू होणार. या त्याच्या मूळपुरुष.”

मालशिम हळूच खाली बसल्या. सासरच्या वंशावळीची जाडजूड पोथी गेली चाळीस वर्षं दर सणाला त्याच धूळ पुसून ठेवत आल्या होत्या. तिच्यात नवऱ्याच्या नावाखाली त्यांच्याबद्दल एवढंच होतं: सोंगजूच्या बे घराण्यातली. मालशिम हे नाव कुठेच नव्हतं. तसं ते नाव तरी काय, मुली आता पुरे म्हणून ठेवलेलं.

“उद्या यांची वंशावळ छापली,” त्यांनी विचारलं, “तर पहिल्या पानावर हिचं नाव येईल?”

“येईल की. पूर्ण नाव.”

मालशिमनी पिशवीतून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला, हुकूम हातात घेतला आणि एकेका अक्षरावर बोट ठेवत वाचला. मग सुनेच्या जॅकेटची कॉलर नीट केली.

बाहेर पायऱ्यांवर शेडमधली ओकबुन भेटली. शेवटी काय घेतलं, किम की ली, असं तिने हसत विचारलं. थोआ तोंड उघडणार, तोच सासूबाई पुढे झाल्या.

“आधी वाकून नमस्कार कर,” त्या म्हणाल्या. “थोंगयंगच्या मे घराण्याचे मूळपुरुष उभे आहेत.”

ओकबुनला काहीच कळलं नाही. पण मालशिमचा चेहरा पाहून तिने हातातली भाजी खाली ठेवली आणि ती कमरेत वाकली.