तुरीचं पाणी

दिगंबररावांनी कोयता उचलला, तशा वसुधाबाई घरातून धावतच परसात आल्या.

"अहो, तूर तोडू नका!"

"ती पपईचं सगळं पाणी पितेय. पपई वाळत चाललीय, दिसत नाही तुला?"

निवृत्तीनंतर बागकाम शिकताना दिगंबररावांच्या हातून जगलेलं पपई हे पहिलंच झाड होतं.

"आधी ऐका तरी." वसुधाबाईंनी दोन्ही झाडांच्या मधे श्रवणकाडी मातीत खोचली आणि तिचं वरचं टोक त्यांच्या कानाला लावलं. या काडीतून मुळांमधलं पाणी ऐकू यायचं. हल्ली ती रोपवाटिकेत कुंडीबरोबर मिळे.

दिगंबररावांनी डोळे मिटले. तुरीची मुळं पार खोलातून पाणी वर ओढत होती. त्यातलं थोडं वरच्या मातीत झिरपत होतं, आणि पपईची उथळ मुळं ते हळूहळू शोषून घेत होती.

त्यांनी कोयता खाली ठेवला. मग पाचोळा गोळा करून दोघींच्या बुडाशी जाड पसरला.

काही दिवसांनी पपईला कोवळं पान फुटलं. तरी दिगंबरराव रोज तिन्हीसांजेला काडी कानाला लावून बसत.

"चला जेवायला, आमटी निवतेय," वसुधाबाईंनी दारातून हाक मारली.

"हळू बोल गं," ते कुजबुजले. "ती अजून पाजतेय तिला."